कोरडा अंगठा

कॅशियरच्या टेबलावर एक छोटी वाटी असते. तिच्यात ओला स्पंज असतो. नोटा मोजताना बोट त्याला टेकवायचं, की नोट नोटेपासून पटकन सुटते. सोनईच्या आमच्या पतसंस्थेतही अशी वाटी होती, पण तिच्यात टाचण्या असायच्या. भाऊंनी रुजू झाल्या दिवशीच स्पंज काढून शिपायाला देऊन टाकला होता, आणि शिपायानं तो पुढं दोन वर्षं स्कूटर पुसायला वापरला.

“वला अंगठा आंधळा असतो,” भाऊ म्हणायचे.

भाऊ आमचे हेड कॅशियर. शाखेत कॅशियर एकच, त्यामुळे ते नेमके कुणाचे हेड, हे विचारायची सोय नव्हती. मूळचे कर्जतकडचे. उंच, काटक, बुशशर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात अंगठी नाही, घड्याळ नाही. घड्याळ खिशात. मी बी.कॉम. होऊन तिथं कारकून म्हणून लागले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती, आणि माझं टेबल त्यांच्या जाळीच्या केबिनला खेटून होतं. कॉलेजात मी काय शिकले ते आज धड आठवत नाही. जाळीतून जे शिकले ते सगळं आठवतं.

सकाळी शाखेचं कुलूप उघडलं की भाऊ मागच्या नळावर जाऊन साबणानं हात धुवायचे. दोनदा. मग टॉवेलला न पुसता दारात उन्हात उभे राहायचे, दोन्ही पंजे पुढं पसरून, पापड वाळत घातल्यासारखे. एकदा ते तसे उभे असताना आमचे चेअरमन गाडीतून उतरले आणि हसत हसत हात पुढं केला. भाऊंनी लांबूनच मान लववली. चेअरमनसाहेबांचा हात जरा वेळ तसाच राहिला, मग त्यांनी तो स्वतःच्या केसांवरून फिरवला. नंतर मॅनेजरनं भाऊंना आत बोलावून चांगलंच झापलं. भाऊ सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, “हात कामावर हायेत साहेब.”

त्या हातांचे लाड घरीही चालायचे. मिरची चिरायची नाही, लसूण सोलायचा नाही. डब्यात वहिनी भाकरी कालवणात कुस्करूनच द्यायच्या, कारण साहेब चमच्यानं जेवणार. भाकरी चमच्यानं खाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मी त्यावरून त्यांना खूप चिडवायची. ते म्हणायचे, “हस. तुझ्या बोटाला लोनच्याचं तेल लागलंय, आता चारपर्यंत तुला नोट काय बोलनार न्हाई.”

आणि नोटा त्यांच्याशी बोलायच्या, यात मला तरी शंका नाही. गड्डी हातात घेऊन ते आधी वास घ्यायचे. ही दूध संकलनावरची, ही कांद्याच्या वखारीतली, ही पेट्रोल पंपावरची, ही गिरणीतली. मग गड्डीची कड अंगठ्यानं फर्रकन सोडायची आणि कान द्यायचा. सगळ्या नोटा सारख्या आवाजात सुटल्या तर ठीक. मध्येच एखादी चुकली की ते थांबायचे, आणि बरोब्बर तीच नोट बाहेर काढायचे. मला तो आवाज ऐकू यायला दीड वर्ष लागलं. पहिल्यांदा आला त्या दिवशी मी घरी फोन करून आईला सांगितलं, आणि आईला वाटलं माझ्या कानात काहीतरी झालंय.

ही विद्या त्यांना कुठं मिळाली? तरुणपणी ते कर्जतला एका एसटीडी बूथवर रोज फोन करायला जायचे. बूथ चालवणारे गृहस्थ दृष्टिहीन होते. लोक नोट देत आणि ते बरोबर सुटे परत करत. एकदा भाऊंनी, गंमत म्हणून, पन्नासाच्या नोटेच्या मापानं कापलेला कोरा कागद त्यांच्या हातावर ठेवला. त्या गृहस्थांनी तो बोटांत फिरवला आणि शांतपणे परत दिला. म्हणाले, “सगळे डोळसच असं करतात.” भाऊंना इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवसापासून ते त्यांच्याजवळ जाऊन बसायला लागले. शिकवणी तिथली.

तीच शिकवणी त्यांनी मला दिली. दुपारी तीननंतर गर्दी ओसरली की जाळीतून आवाज यायचा, “पोरी, डोळे मीट.” मी डोळे मिटून हात आत घालायची. ते तळहातावर पाचशेच्या चार-पाच नोटा एकेक करून ठेवायचे. त्यांत पोलिसांकडं पाठवायला ठेवलेली एखादी बनावट असायची. मी ओळखायचं. पहिल्या आठवड्यात मी सगळ्याच खऱ्या म्हणाले. “तू लई भली हायेस,” भाऊ म्हणाले, “समद्यांना पास करतीस.”

दोन्ही कडांना पाच-पाच तिरप्या रेघा असतात, त्या अंगठ्याला लागायला हव्यात. त्या नुसत्या छापलेल्या नसतात, उठवलेल्या असतात. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी त्या असतात, असं ते दर वेळी आवर्जून सांगायचे. मग नोट तिरपी करायची, की मधली तार हिरव्याची निळी होते. उजेडापुढं धरली की कोऱ्या भागात चेहरा उमटतो. नंबराचे आकडे डावीकडून उजवीकडं मोठे होत जातात. हे सगळं त्यांनी शिकवलं, पण डोळ्यांचं काम त्यांच्या लेखी शेवटचं. आधी कान, मग अंगठा, मग डोळा.

आणि या सगळ्याच्या वर एक नियम. तो त्यांनी मला इतक्या वेळा सांगितला की मी चिडून तो कागदावर लिहून जाळीला चिकटवला होता. “नोट बघताना मानसाकडं बघायचं न्हाई. मानूस बघितला की नोट आधीच खरी वाटाया लागती, न्हायतर आधीच खोटी.”

त्यांच्याबरोबर लग्नाला जाणं म्हणजे मात्र शिक्षा होती. आमच्या शिपायाच्या मुलाचं लग्न होतं. नवरदेवाच्या गळ्यात मित्रांनी नोटांचा हार घातलेला. मोठा पंखा सुरू होता आणि हार फडफडत होता. मंगलाष्टकं चालू झाली आणि मी बघते तर भाऊ अक्षता टाकायच्या सोडून नवरदेवाला जवळजवळ चिकटून उभे, मान तिरपी करून, हाराला कान लावून. वऱ्हाडी बघायला लागले. मुलीच्या मामाला वाटलं, हे कोणी मानाचे पाहुणे आहेत, त्यानं त्यांना हाताला धरून पुढं उभं केलं. सगळे फोटो भाऊंसकट आले. जेवणं झाल्यावर त्यांनी नवरदेवाला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, “डावीकडून सातवी काढून ठिव. दुकानात दिऊ नको, फुकट बदनाम व्हशील.” सातवी नोट ‘मनोरंजन बँके’ची निघाली. शाई मात्र चांगली होती, असं भाऊंनी जाताना मला सांगितलं.

या माणसाच्या तोंडून ग्राहकासमोर ‘खोटी’ हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. काउंटरवर तशी नोट आली की ते ग्राहकाला जाळीबाहेरून बोलवून आत खुर्चीवर बसवायचे, चहा मागवायचे आणि म्हणायचे, “ही आपल्यातली न्हाई.” मग शिक्का, रजिस्टरला नोंद, पावती. नोट परत मिळणार नाही हे ते समजावून सांगायचे. माणूस हवालदिल व्हायचा. पाचशे रुपये कुणाला जड नसतात? भाऊ त्याच्याबरोबर चहा संपेपर्यंत बसायचे. बाहेर रांग कुरकुरायची. “नोट आननारा चोर नसतो,” ते मला म्हणायचे, “त्याचीच चोरी झालेली असती.”

गिरणीवाल्या मावशींनाही त्यांनी एकदा असाच चहा पाजला होता. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत मावशींची पिठाची गिरणी होती. बारीक अंगाची बाई, भुवया कायम पिठानं पांढऱ्या. मुलगी नर्सिंगला होती, तिच्या फीसाठी दर आठवड्याला भरणा करायच्या. त्यांच्या नोटांनाही पीठ लागलेलं असायचं. त्यात एकदा एक बनावट निघाली. मावशींनी निमूट पावती घेतली आणि पुढच्या आठवड्यात भाऊंना म्हणाल्या, “आता धा वेळा बघून घिती बरं का.”

त्यानंतर वर्षभरानं ते झालं.

त्या वर्षी दिवाळीपासून एक गोष्ट मी बघत होते आणि मला तिचा अर्थ कळत नव्हता. चहा यायचा तो काचेच्या पेल्यातून, कढत. आम्ही सगळे पेला वरच्या कडेला दोन बोटांनी धरायचो. भाऊ अख्खा पेला मुठीत धरून बसायचे. मला वाटायचं, खेड्यातले राबलेले हात, त्यांना काय होतंय. दुपारची ‘डोळे मीट’ही बंद झाली होती. मला वाटलं, माझी शिकवणी पुरी झाली. मी स्वतःवर खूश होते.

बाजारचा दिवस होता, रांगेत आठ-दहा माणसं. मावशींनी नोटा जाळीतून आत सरकवल्या. भाऊंनी गड्डीचा आवाज घेतला, पण पीठ लागलेल्या नोटा मऊ वाजतात. मग ते एकेक बघायला लागले आणि एका नोटेशी थांबले. अंगठा फिरवला. परत फिरवला. आणि मग त्यांनी मान वर करून मावशींच्या चेहऱ्याकडं बघितलं. मी ते पाहिलं.

“परत खोटी आनली का मावशी?” ते म्हणाले. मोठ्यानं.

“खरी हाय भाऊ. मास्तरांनी महिन्याच्या दळनाची दिली.”

“मागल्या टायमालाबी तुमी खरी म्हनूनच दिली हुती.”

“मागल्या टायमाला मला ठावं न्हवतं. ही बघून घेतलीया.”

शिक्का बसला. चहा नाही, खुर्ची नाही. भाऊंनी नोट रजिस्टरसाठी माझ्याकडं सरकवली. नंबर उतरवताना माझा अंगठा सवयीनं कडेवरून फिरला. पिठाची बारीक वळी सुटून वहीवर पडली आणि तिच्याखालून रेघा लागल्या. एक, दोन, तीन, चार, पाच.

मी काही बोलले नाही. रांगेतली माणसं आपापल्या नोटा उजेडाला धरून बघायला लागली होती. मावशींनी पावतीची घडी केली, कमरेच्या पिशवीत घातली आणि त्या गेल्या. दहा माणसांसमोर भाऊंना चुकीचं ठरवायचं माझ्या जिवावर आलं, हे खरं. पण संध्याकाळी शाखेत आम्ही दोघंच होतो, तेव्हाही मी बोलले नाही. निवृत्तीला आठ महिने उरले होते. कुणाला कळणार होतं? शिक्का बसलेली नोट महिनाअखेरपर्यंत माझ्याच खणात राहणार होती आणि मावशींकडं पुरावा नव्हता. मला माझे भाऊ जसेच्या तसे हवे होते. दुसरं काही कारण नाही.

दोन दिवसांनी मी दळण घेऊन गिरणीत गेले. माझ्यापुढं एक बाई होती. मावशींनी तिला सुटे परत दिले, तशी ती शंभराची नोट परत करत म्हणाली, “ही नको, दुसरी द्या.” मावशींनी दुसरी दिली. तिनं तीही उजेडाला धरली. मावशींनी तिचा डबा पुढं सरकवला. माझा डबा घेताना त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही, आणि मी पैसे दिले ते न मोजता गल्ल्यात टाकले.

दुसऱ्या दिवशी तीननंतर मी जाळीच्या दारातून आत गेले. खणातली ती नोट पुसून स्वच्छ केली होती. म्हटलं, “भाऊ, डोळे मिटा.”

ते हसले. “मला शिकवतीस व्हय?” पण त्यांनी डोळे मिटले आणि हात पुढं केला.

मी ती नोट ठेवली. त्यांनी अंगठा फिरवला. “न्हाई, ही आपल्यातली न्हाई.” मग मी एक खरोखरची बनावट ठेवली. “हीबी न्हाई.” मग नव्या गड्डीतली कोरी करकरीत नोट काढून ठेवली. त्यांचा अंगठा कडेवरून गेला, परत आला, परत गेला. डोळे तसेच मिटलेले.

“मला काय लागत न्हाई पोरी,” ते म्हणाले. “दिवाळीपास्नं काय लागत न्हाई. डाक्टर म्हनतो, शुगरनं बोटं मेली.”

“मग इतके दिवस नोटा कशा बघत होता?”

“मानसं बघून,” भाऊ म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी त्यांच्या पुढ्यात ती शिक्क्याची नोट उजेडाला धरली. चेहरा उमटला. तार निळी झाली. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं आणि विचारलं, “गिरनी किती वाजंपतुर चालू असती?”

आम्ही चालत गेलो. गिरणीत सात-आठ बाया डबे घेऊन उभ्या होत्या. पट्ट्याचा आवाज कानठळ्या बसवणारा. भाऊ दारात उभे राहून म्हणाले, “मावशी, जरा गिरनी बंद करा.” मावशींना ऐकू आलं नाही. त्यांनी परत सांगितलं. मावशींनी बटण दाबलं आणि पट्टा हळूहळू थांबला. तो पूर्ण थांबेपर्यंत भाऊ वाट बघत उभे राहिले.

“बाजारच्या दिशी मी ह्यांची नोट खोटी म्हनलो,” ते सगळ्या बायांकडं वळून बोलले. “नोट खरी हुती. मला वळखू आली न्हाई. माज्या हातात आता ते राहिलं न्हाई. ह्यांचं काय चुकलं न्हवतं.”

मग त्यांनी स्वतःच्या पगारातली पाचशेची नोट पुढं केली. मावशींनी ती घेतली. आणि तिथंच, सगळ्यांसमोर, त्या दाराशी उजेडात आल्या, नोट वर धरली, तिरपी केली, अंगठा फिरवला. सावकाश. भाऊ हात मागं बांधून उभे होते. “बघा,” ते म्हणाले, “नीट बघून घ्या.”

“खरी हाय,” मावशी म्हणाल्या. मग नोट कमरेच्या पिशवीत घालत, “दळनं खोळंबल्यात भाऊ. चालू करू का?”

परत येताना मी रडत होते. रस्त्यात रडणं मला अजिबात आवडत नाही, पण थांबेना. म्हटलं, मला त्या दिवशीच कळलं होतं, मी गप्प बसले. भाऊ म्हणाले, “तीन दिस तू माज्याकडं बघत बसलीस. मग नोटेकडं बघितलंस. उशीर झाला, पन बघितलंस.”

मॅनेजरनं रजिस्टरची नोंद रद्द केली. शिक्क्याची नोट कॅशमध्ये घेता येईना, ती भाऊंनी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी केबिनची चावी माझ्या टेबलावर होती आणि भाऊ माझ्या खुर्चीत बसून व्हाउचरं लिहीत होते. आठ महिने त्यांनी ती लिहिली. सकाळी हात मात्र पूर्वीसारखेच दोनदा धुवायचे आणि दारात उन्हात उभे राहायचे, आणि त्यांच्याशेजारी आता मीही. शिपाई आम्हाला हसायचा. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा काळ होता, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

निरोपाच्या दिवशी मावशींनी पाच किलो बाजरीचं पीठ आणून दिलं. भाऊंनी पिशवीत हात घातला, मुठीत पीठ घेतलं, आणि मला म्हणाले, “कसं दळलंय गं?” मी चिमूट घेऊन म्हटलं, “बारीक.” मग ते मावशींना म्हणाले, “बारीक हाय.”

आता मी संगमनेरच्या शाखेत कॅशियर आहे. नोटा मशीन मोजतं, बनावट असली की टूं करतं. समोरच्या चहावाल्याकडं तर नोटाही कुणी देत नाही; त्याच्या टपरीवरची डबी ‘वीस रुपये प्राप्त झाले’ म्हणून दिवसभर ओरडते, आणि तो मान वरही करत नाही. माझ्या टेबलावर वाटी आहे. तिच्यात टाचण्या आहेत.

भाऊ गेल्याचं मला चार दिवस उशिरा कळलं. मी कर्जतला त्यांच्या घरी गेले तेव्हा वहिनींनी कपाटातून एक पाकीट काढून दिलं. वर माझं नाव, त्यांच्या गोलगोल अक्षरात. “तुला द्यायचं म्हनून कवापास्नं ठेवलं हुतं,” वहिनी म्हणाल्या. आत ती नोट होती. वहिनींनी विचारलं, “खोटी हाय ना ती? एवढं काय जपलं तिला त्यांनी?” मी म्हटलं, “नाही वहिनी, खरी आहे.” त्या दिवशी ते मला दोनदा सांगावं लागलं.

ती माझ्या खणात असते. दुपारी तीननंतर कधी कामं संपली, की मी ती काढते आणि डोळे मिटते. शिक्का अंगठ्याला लागत नाही. शाई ती, केव्हाच कागदात मुरून गेलेली. लागतात त्या रेघा. मी त्या मोजते. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच झाल्यावरही मी जरा वेळ डोळे उघडत नाही, कारण उघडले की जाळीत मीच बसलेली असते.